शंभरावी सही

तुमच्या गावातली भांडणं मिटवायला बसणारा माणूस कोणी निवडला, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल का?

कोर्टातले न्यायाधीश आपण निवडत नाही, हे मला माहीत आहे. मी विचारतेय ते गावच्या तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाबद्दल. बांध कोरला गेला, पाण्याची पाळी चुकली, भावाभावांत भिंतीवरून जुंपली, की पोलीस ठाण्याच्या आधी दोन्ही बाजू ज्याच्यासमोर बसतात, तो माणूस. त्याच्या अंगावर काळा कोट नसतो. पण तो कधी बसायचं म्हणतो आणि कोणाचं आधी ऐकतो, यावर कोणाचं तरी वर्ष तरतं किंवा बुडतं. कागदावर त्याला ग्रामसभा निवडते. ग्रामसभा म्हणजे गावातला प्रत्येक मतदार. कागदावर.

मी नाशिक रोडला वाढले. वडिलांचा दोन खोल्यांचा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जायची. कामगारांची, भाडेकरूंची, पाणीपट्टीच्या विरोधातली. मला अक्षरओळख पत्रकांवरूनच झाली. ‘आई’ लिहिण्याआधी मी ‘जाहीर निषेध’ लिहिला, असं वडील पाहुण्यांना सांगायचे आणि आई स्वयंपाकघरातून भांडं आपटायची. तेव्हा लोक मत देत नाहीत, सभेला जात नाहीत, याचा मला लहानपणापासून राग. कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं. ते मला आत्याच्या गावात कळलं.

आत्या निफाड तालुक्यातली. काका गेल्यापासून दीड एकर द्राक्षबाग ती एकटी बघते. बागेत जायचा रस्ता शेजाऱ्याच्या बांधाकडेने, ट्रॅक्टर जाईल एवढा, तिच्या लग्नाआधीपासूनचा. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने त्या रस्त्याच्या तोंडावर लोखंडी अँगल रोवले आणि तार ओढली. माणूस वाकून जाईल, ट्रॅक्टर जाणार नाही.

आता द्राक्षबाग म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगते. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. छाटणी झाली की पुढचे दोन महिने ट्रॅक्टरला ब्लोअर लावून जवळपास रोज फवारणी. ढगाळ हवा असताना एक फवारणी हुकली तर डावणी रोग कोवळ्या घडांवर उतरतो आणि वर्ष संपतं.

“छाटणीच्या आत रस्ता मोकळा झाला तर बाग हाय,” आत्या म्हणाली. “नायतर कुऱ्हाड लावायची.”

तिने तहसीलला अर्ज दिला होता. तिथे तारखेला तारीख मिळत होती. तंटामुक्त समितीकडेही ती गेली होती, तीनदा. समितीचे अध्यक्ष शेजाऱ्याचे चुलतभाऊ. ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की लग्नाच्या पंगतीतही लोक त्यांना ‘अध्यक्ष, बसा’ म्हणायचे. पहिल्यांदा ते म्हणाले, बसू. दुसऱ्यांदा म्हणाले, पाऊस होऊ द्या, मग बसू. तिसऱ्यांदा म्हणाले, “वहिनी, तुमचं मन मोठं, जरा सांभाळून घ्या.” बसले मात्र नाहीत.

“दर वर्षी हेच कसे निवडून येतात?” मी विचारलं.

“येत्यात,” आत्या म्हणाली. पाऊस येतो तसं.

ते कसे येतात, हे मी ग्रामपंचायतीत दोन दिवस बसून समजून घेतलं. अध्यक्षाची निवड पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत. त्या गावाचा कोरम शंभर माणसांचा. झेंडावंदन झालं की दहा वाजता सभा. तीसचाळीस माणसं यायची, अर्धा तास थांबायची, मग ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, ते वहीत लिहायचे, गणसंख्येअभावी तहकूब. चार-आठ दिवसांनी तहकूब सभा भरायची, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. तिथे अध्यक्षांच्या भावकीतली पंधरा माणसं हात वर करायची. सगळं नियमात. कोणी कोणाला अडवलं नव्हतं. बाकीचं गाव फक्त आलं नव्हतं.

“तू जातेस का सभेला?” मी आत्याला विचारलं.

“मंग? आदल्या दिशी जाते की. आमची बायांची असती. सह्या करतो, चहा घेतो.”

इथे मला पहिल्यांदा धक्का बसला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. बायकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. या गावातल्या बायकांनी त्याचा अर्थ असा लावला होता की बायकांची सभा आदल्या दिवशी आणि पुरुषांची दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी सही केली की आपलं काम संपलं. वर्षानुवर्षं कोणीही त्यांना सांगितलं नव्हतं की दुसऱ्या दिवशीची सभाही तुमचीच आहे आणि मत तिथेच द्यायचं असतं. अर्धं गाव नियमाचा मान राखून घरी बसत होतं.

मी नाशिक रोडला परत आले आणि मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. वडिलांनी ते उभ्या उभ्या वाचलं. “चांगलं आहे,” ते म्हणाले, “पण सभा किती वाजता आणि कुठे, हे शेवटच्या ओळीत का टाकलंस?” मी ऐकलं नाही. मला माझा पहिला परिच्छेद फार आवडला होता.

गठ्ठा घेऊन गेले. टोमॅटोची तोडणी सुरू झाली होती. गावातल्या बत्तीस बायकांची एक टोळी आणि त्यांची मुकादमीण, पन्नाशीची, डोक्याला रुमाल, कोणाला किती वाजता कुठल्या शेतात न्यायचं हे तिच्या बोटांवर. बांधावर जेवायला बसल्या तेव्हा मी पत्रक दिलं. “वाच बरं,” ती म्हणाली. मी वाचलं. आवाज चढवून वाचलं. हक्क, लोकशाही, गावाची निद्रा. तिसऱ्या वाक्याला तिने हात वर केला.

“समदं खरं हाय, बाई. पण दहा वाजता आम्ही सरीत असतो. त्याचं काय लिवलंय?”

काहीच लिहिलं नव्हतं.

“पंधरा ऑगस्टला सुट्टी असते,” मी म्हणाले.

“ते टमाट्याला सांगून ये.”

बायका हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. तोडलेला माल दुपारी पिकअपमध्ये भरून मार्केटला गेला पाहिजे, म्हणून सकाळी आठ ते बारा ही टोळीची खरी वेळ. सभेची वेळ नेमकी त्यात. मी ज्याला निद्रा म्हणत होते, ती बारापर्यंत वाकून केलेली तोडणी होती.

तोडगा माझ्या डोक्यातून आला नाही. तो आत्याने काढला. ती मुकादमिणीच्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, “पाचला निघालात तर दहाला मोकळ्या होताल का?”

“होऊ. पण पाचला निघायचं म्हंजी स्वैपाक कवा करायचा? पोरांच्या डब्याचं काय?”

“भाकरी मी देते. बत्तीस जणींच्या. तुमच्याबी आन घरच्यांच्याबी.”

मुकादमिणीने तिच्याकडे बघितलं. “लय भाकरी होत्यात त्या.”

“बाग लय मोठी हाय,” आत्या म्हणाली. दीड एकराची बाग.

राहिला प्रश्न उभं कोणाला करायचं. गावात एक बाई होत्या, एसटीत कंडक्टर होत्या, रिटायर होऊन गावात आलेल्या. त्यांची एकच गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. सख्ख्या दिराने तिकीट काढायला नकार दिला, म्हणून त्यांनी घंटी वाजवून बस थांबवली आणि त्याला पाणंदीच्या तोंडावर उतरवलं. दीर सहा महिने बोलत नव्हता. अजूनही बसमध्ये चढला की तो आधी तिकीट काढतो. आत्या आणि मुकादमीण त्यांच्याकडे गेल्या, मी मागे.

कंडक्टरताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एक आधीच सांगते. मी अध्यक्ष झाले तर तुझ्या बाजूने बोलणार नाही.”

“नको बोलू,” आत्या म्हणाली. “रस्ता बघायला ये. एवढं एक कर. तो कोणी बघायलाच येत नाय.”

मी आजपर्यंत न्यायावर पुष्कळ वाचलं आहे. त्याहून कमी शब्दांत न्याय मागितलेला मी ऐकला नाही.

पंधरा ऑगस्टला पहाटे आत्याच्या चुलीपुढे चार बायका भाकरी थापत होत्या. मीही बसले. माझ्या भाकरीचे जिल्ह्याचे नकाशे व्हायला लागल्यावर मला फडक्यात बांधायच्या कामावर लावलं. पाचला टोळी शेतात गेली. आठला शाळेत झेंडावंदन झालं, पोरांनी जिलबी खाल्ली. दहाला मंदिराच्या सभामंडपात सभा सुरू झाली. मी त्या गावची मतदार नाही, त्यामुळे मी बाहेर पायरीवर बसले. आत बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि तो नसणं किती जड असतं तेही मला त्या दिवशीच कळलं.

साडेदहाला आत सदतीस सह्या. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी पायरीवरून मान लांब करून पाहिलं, तर त्यांनी वहीत तहकुबीची ओळ आधीच लिहून ठेवली होती, फक्त वेळेची जागा कोरी. दर वर्षीच्या सवयीने.

तेवढ्यात पाणंदीतून बायका आल्या. घरी जाऊन हातपाय धुवायला वेळ मिळाला नव्हता. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटं काळी-हिरवी होतात आणि साबणानेही लवकर निघत नाहीत. त्या बोटांनी त्यांनी एकेक करून वहीत सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. शाईच्या पॅडची गरजच नव्हती, असं मागे कोणीतरी म्हणालं. त्यांच्या मागून त्यांच्या सासवा, जावा आल्या. एकीचा नवरा आला, तो म्हणाला, “भाकरी खाल्ली, आता यावंच लागलं.”

अध्यक्ष खुर्चीत बसून होते. त्यांनी बाहेर बघून मानेने खूण केली. पारापाशी त्यांच्या भावकीतली माणसं उभी होती, शेजारीही त्यात होता. ती आत आली नाहीत. आत आली असती तर त्यांच्याच सह्यांनी कोरम भरला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भाऊसाहेबांनी मोजलं. नव्व्याण्णव.

पुन्हा मोजलं. नव्व्याण्णवच.

“एकानं काय होतंय,” आत्या म्हणाली.

“नियम आहे ना, मावशी. शंभर म्हणजे शंभर.” त्यांनी पेन वहीवर टेकवलं.

आत सगळा मंडप एकमेकांकडे बघत होता, अजून कोण राहिलं, कोण राहिलं. मुकादमीण मात्र खांबाकडे बघत होती. खांबाला टेकून ग्रामपंचायतीचा शिपाई उभा होता. साठीला आलेला माणूस. त्यानेच दवंडी दिली होती, त्यानेच सतरंज्या अंथरल्या होत्या, सह्यांची वही त्यानेच हातोहात फिरवली होती.

“आन ह्यो कोण हाय?” ती म्हणाली. “ह्यो काय मुंबईचा हाय का?”

मंडपात कोणीतरी खुदकन हसलं. शिपाई दचकून सरळ झाला.

“मी ड्युटीवर हाय, अक्का.”

“ड्युटीवर हाय तर यादीतून नाव कापलंय का तुझं? भाऊसाहेब, हाय का त्याचं नाव यादीत?”

भाऊसाहेबांनी मतदार यादी उलटली. नाव होतं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी छताकडे. शिपाई वहीपाशी आला. आयुष्यभर त्याने ती वही दुसऱ्यांपुढे धरली होती. स्वतःची सही कुठे करायची, हे त्याला विचारावं लागलं. कंडक्टरताईंनी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने शर्टाला हात पुसले आणि सावकाश, तीन वेळा पेन उचलत, सही केली.

भाऊसाहेबांनी तहकुबीच्या ओळीवर रेघ मारली. ती रेघ ओढताना पेनाचा झालेला आवाज मी पायरीवरून ऐकला, असं मी शपथेवर सांगेन.

त्यानंतर पारापाशी थांबलेली माणसं पळत आत आली. कोरम भरला म्हटल्यावर बाहेर थांबण्यात अर्थ उरला नव्हता. आता त्यांना मत हवं होतं. “या, या,” मुकादमीण म्हणाली, “जागा हाय. दर वर्षी असतीच.”

अध्यक्ष म्हणाले, नेहमीप्रमाणे हात वर करून घेऊ. आत बसलेल्या निम्म्या बायका त्यांच्या भावकीच्या शेतात कामाला जायच्या. त्यांचे हात मालकांच्या डोळ्यांसमोर वर झाले असते. मग शेजाऱ्याच्या शेतात दर वर्षी तोडणीला जाणारी एक तरुण सून खाली मान घालून म्हणाली, “चिठ्ठ्या करा.” आणि मागून दहा आवाज आले, चिठ्ठ्या करा.

कागद नव्हता. शाळा बंद, दुकान बंद. माझ्या पिशवीत पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता, एका बाजूने छापलेला, दुसरी बाजू कोरी. तो मी दारातून आत दिला. शिपायाने एकेका पत्रकाच्या आठ चिठ्ठ्या फाडल्या. माझा लाडका पहिला परिच्छेद माझ्या डोळ्यांदेखत उभा-आडवा फाटला आणि एवढा उपयोगाचा तो कधीच झाला नव्हता. लिहिता न येणाऱ्यांसाठी खूण ठरली, कंडक्टरताईंना गोल आणि अध्यक्षांना रेघ. खांबामागे एकेकीने जायचं, खूण करायची, घडी घालायची, पितळी हंड्यात टाकायची. शाळेचे मुख्याध्यापक झेंडावंदनानंतर थांबले होते, त्यांना मोजायला बसवलं. ते प्रत्येक चिठ्ठी उलगडून सगळ्यांना दाखवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, गोल. रेघ. गोल. गोल. एकीने गोलात डोळे आणि तोंडही काढलं होतं. ते मत बाद करायचं का, यावर वाद झाला. “हसतोय तर हसू द्या, गोल तर हाय,” अध्यक्षांच्या भावकीतलाच एक म्हातारा म्हणाला, आणि ते धरलं गेलं.

कंडक्टरताई सतरा मतांनी निवडून आल्या.

टाळ्या झाल्या, पण त्याआधी एक क्षण सगळ्या बायका नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आपण खांबामागे एकटीने काढलेला गोल दुसरीनेही काढला होता, हे त्यांना तेव्हा कळत होतं. जुने अध्यक्ष उठले, त्यांनी कंडक्टरताईंना नमस्कार केला. तो मनापासून होता की नाही मला माहीत नाही. पण तो सगळ्या गावासमोर होता.

पाचव्या दिवशी समिती बांधावर गेली. त्या दिवशीही मी होते. कंडक्टरताईंनी गावनकाशा मागवला, तो ट्रॅक्टरच्या बोनेटवर पसरला, मग रस्ता स्वतःच्या पायांनी चालून पाहिला. अँगल हलवून पाहिले. शेजाऱ्याला म्हणाल्या, “हा रस्ता नकाशात आहे. तू का बंद केलास?”

शेजाऱ्याने रस्त्याकडच्या नळीकडे बोट केलं. मग म्हणाला, “तिच्या ट्रॅक्टरनं माझी ठिबकची मेन लाइन दोनदा फोडली. सांगायला गेलो तर म्हनली, तुझीच नळी रस्त्यात का हाय. रोपं वाळली माझी.”

कंडक्टरताई आत्याकडे वळल्या. “खरं आहे?”

आत्याने पदर सावरला. “एकदा फुटली. दुसऱ्यांदाचं मला ठाव नाय.”

“मग जाऊन बघितलं का नाही? तुझा रस्ता कोणी बघत नाही म्हणून तू माझ्या दारात आलीस, आणि त्याची नळी बघायला तुला चार पावलं जड झाली?”

आत्या लालबुंद झाली. माझ्या कानाशी पुटपुटली, “मीच हिला निवडून दिली आन ही मलाच बोलती.”

तेव्हा मला हसू आलं, पण घरी येताना मला वाटलं की जिंकणं म्हणतात ते हेच असावं. तिला आपला माणूस मिळाला नव्हता. तिला दोन्हीकडे बघणारा माणूस मिळाला होता, आणि त्याच माणसाकडून मिळालेला रस्ता पुढच्या वर्षी कोणी भावकीच्या जोरावर बंद करू शकणार नव्हतं. तडजोड कागदावर आली. शेजाऱ्याने अँगल काढायचे, आत्याने रस्त्याखालून पाइप टाकून त्याची नळी त्यातून घालून द्यायची. दोघांच्या सह्या, समितीच्या सह्या.

पाइप टाकायला शेजारी स्वतः फावडं घेऊन आला. “खोल घे जरा,” तो आत्याच्या गड्याला म्हणाला, “नायतर वहिनी परत म्हनायच्या तुझीच नळी.” आत्या तिकडे पाठ करून उभी होती, पण तिचे खांदे हसत होते.

सप्टेंबर संपता संपता छाटणी झाली. ढग आलेच, दर वर्षी येतात. मी त्या आठवड्यात आत्याकडे होते. सकाळी ट्रॅक्टर ब्लोअर ओढत रस्त्याने सरळ आत गेला, दोन्ही बाजूंच्या वेलींवर धुकं उडवत, आणि आत्या बांधावर कमरेवर हात ठेवून, आपल्या मालकीची नसलेली पण आपल्या हक्काची असलेली ती दहा फूट वाट बघत राहिली.

आता तुम्हाला एक विनंती. उद्या ग्रामपंचायतीत जा आणि पुढची ग्रामसभा कधी आहे, किती वाजता आहे, त्यात कोणाची निवड आहे, हे विचारा. ती वेळ कोणाच्या कामाची असेल, तर वेळ बदलायचा अर्ज द्या. ती बदलली नाही, तर त्या कामाची वेळ कशी बदलता येईल ते चौघींनी मिळून बघा. आणि सभेला जाताना ‘तिथे माझं काय काम’ म्हणणारी एक बाई शेजारून बरोबर घ्या. निवड होईपर्यंत दोघीही उठू नका.